डाळिंबाच्या सालीपासून कोबाल्ट ऑक्साइड उत्प्रेरक: कृती, मोजमाप आणि पडताळणी

कडुनिंब, तुळस, शेवगा किंवा जास्वंद यांपैकी कशाचा तरी अर्क घ्यायचा, त्यातून धातूचे ऑक्साइड बनवायचे आणि ते हायड्रोजननिर्मितीसाठी उत्प्रेरक म्हणून तपासायचे, ही वाट रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पांत आता चांगलीच मळलेली आहे. वनस्पती बदलत राहते, मात्र अर्काने त्या ऑक्साइडसाठी नेमके काय केले हे दाखवणारा तुलनेचा प्रयोग पुष्कळदा राहून जातो. हा लेख एकाच उदाहरणावर बेतला आहे: डाळिंबाच्या सालीचा अर्क, त्यातून कोबाल्ट ऑक्साइड आणि त्याच्या साह्याने सोडियम बोरोहायड्राइडच्या द्रावणातून हायड्रोजन. यातली कृती सोपी आणि मोजमाप अवघड असल्यामुळे लेखाचा मोठा भाग मोजमापाला दिला आहे. प्रयोगशाळा, धूरकक्ष आणि अनुभवी मार्गदर्शक उपलब्ध असतील तरच तो हाती घ्यावा. घरच्या स्वयंपाकघरात करण्याचे हे काम नव्हे.

कोबाल्ट का आणि डाळिंब का

सोडियम बोरोहायड्राइडच्या एका रेणूची पाण्याच्या दोन रेणूंशी अभिक्रिया झाली की सोडियम मेटाबोरेट आणि हायड्रोजनचे चार रेणू मिळतात. यातला निम्मा हायड्रोजन पाण्यातून येतो, ही या अभिक्रियेची मोठी जमेची बाजू आहे. द्रावण पुरेसे अल्कधर्मी ठेवले तर ते दीर्घकाळ टिकते, कारण २५ अंश सेल्सियसला आणि १४ सामूला बोरोहायड्राइडचे अर्धआयुष्य चारशे दिवसांहून अधिक भरते. सामू ८ वर आणला तर तेच अर्धआयुष्य एका मिनिटाच्या आत येते. टिकाऊ द्रावणातून हवा तेव्हा वायू सोडवून घेण्यासाठी उत्प्रेरक लागतो. श्लेसिंगर, ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या कामात कोबाल्टचे क्षार ही अभिक्रिया झपाट्याने घडवतात हे दिसले होते. याच हर्बर्ट ब्राउन यांना पुढे १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. प्लॅटिनम आणि रुथेनियम हे धातूही उत्तम काम करतात, पण त्यांची किंमत पाहता कोबाल्टचा पर्याय आजही आकर्षक वाटतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. बोरोहायड्राइड हा ऊर्जेचा स्रोत नसून साठवणीचे माध्यम आहे. ते बनवण्यासाठी सोडियम धातू लागतो आणि वापरानंतर उरणाऱ्या मेटाबोरेटपासून ते पुन्हा तयार करायला भरपूर ऊर्जा खर्ची पडते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने मोटारगाड्यांतील साठवणीसाठी या मार्गाचा पाठपुरावा थांबवण्याची शिफारस २००७ साली स्वीकारली, त्यामागे हीच अडचण होती. भारताच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेतला हायड्रोजन मुख्यतः पाण्याच्या विद्युतअपघटनाचा आहे, त्यामुळे प्रकल्पाच्या प्रस्तावनेत या दोन गोष्टींची सरमिसळ करू नये. उत्प्रेरकांचा अभ्यास करण्यासाठी आणि लहान, वाहून नेण्याजोग्या उपकरणांसाठी मात्र ही अभिक्रिया अजूनही सोयीची आहे.

आता डाळिंबाविषयी. सोलापूर जिल्हा डाळिंबाचा. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापुरातच आहे. रस आणि दाणे काढल्यावर जी साल टाकून दिली जाते तिच्यात टॅनिन भरपूर असते. साल चावून पाहिली तर जीभ आवळल्यासारखी होते, ते या टॅनिनमुळेच. नैसर्गिक रंगकाम करणारे कारागीर डाळिंबाची साल आणि लोखंड यांच्या मेळातून राखाडी ते काळ्या छटा काढत आले आहेत. टॅनिनचे धातूच्या आयनाला घट्ट धरून ठेवणे म्हणजे काय, हे त्या कापडावर डोळ्यांना दिसते, आणि आपल्याला हवा असलेला गुणधर्म तोच आहे.

अर्क नेमके काय करतो

‘अर्कातील पॉलिफिनॉल (टॅनिनसारखी वनस्पतिजन्य संयुगे) धातूच्या आयनाचे क्षपण करतात’ हे वाक्य चांदीच्या नॅनोकणांवरील लिखाणातून उचलून ऑक्साइडच्या प्रबंधांतही जसेच्या तसे येते. चांदीच्या बाबतीत ते बरोबर आहे, कारण चांदीच्या आयनाचा प्रमाण क्षपण विभव, म्हणजे इलेक्ट्रॉन घेण्याच्या कलाचे माप, अधिक ०.८० व्होल्ट असल्यामुळे ते सहज धातुरूप होते. कोबाल्टचा विभव उणे ०.२८ व्होल्ट आहे. सालीच्या काढ्याने ७० अंशांवर त्याचा धातू होणे संभवत नाही. शिवाय आपल्याला हव्या असलेल्या स्पिनेल ऑक्साइडमध्ये, ज्यात कोबाल्टचे तीन आणि ऑक्सिजनचे चार अणू असतात, दोन तृतीयांश कोबाल्ट द्विसंयुजीवरून त्रिसंयुजी झालेले असते. म्हणजे तेथे क्षपण होत नाही, ऑक्सिडीकरण होते, आणि ते घडवून आणतात नायट्रेट आणि हवा.

अर्काची खरी कामे दोन. टॅनिन आणि आम्ले कोबाल्टचे आयन धरून ठेवून द्रावणात समान विखुरतात, त्यामुळे पाणी आटत असताना नायट्रेटचे मोठे स्फटिक बनत नाहीत. पुढे भट्टीत हेच सेंद्रिय पदार्थ जळतात, त्यांचा वायू बाहेर पडताना घन पदार्थ सच्छिद्र होतो आणि कण बारीक राहतात. हीच कामे सायट्रिक आम्लही करते, म्हणून पुढील तुलनेत त्याला स्थान दिले आहे.

अर्काची तयारी

साल पाण्याने दोनदा आणि ऊर्ध्वपातित पाण्याने एकदा धुवावी, लहान तुकडे करून सावलीत कडकडीत वाळवावी आणि मिक्सरमध्ये दळून बारीक चाळणीने चाळून घ्यावी. उन्हात वाळवलेली साल काळवंडते आणि निरनिराळ्या दिवशीचे अर्क एकमेकांशी जुळत नाहीत. ५ ग्रॅम पूड १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ८० अंश सेल्सियसला ३० मिनिटे ढवळत ठेवावी, उकळी येऊ देऊ नये. गार झाल्यावर प्रथम सुती कापडातून आणि नंतर गाळणकागदातून गाळावे. पहिली पायरी टाळली तर कागद गाळाने बुजतो आणि तासभर थेंब मोजत बसावे लागते.

मिळालेला पिवळसर तपकिरी अर्क त्याच दिवशी वापरणे उत्तम; शीतकपाटात तो दोन-तीन दिवस ठेवता येतो, त्यानंतर बुरशी धरते. त्यातला एक मिलिलिटर वेगळा काढून त्यात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकावेत. निळसर काळा रंग उमटला म्हणजे टॅनिन आहे. याशिवाय १० मिलिलिटर अर्क वजन केलेल्या बशीत आटवून कोरडा अवशेष किती उरतो ते नोंदवावे. पुढच्या वेळी निराळ्या बागेतली साल आली तर ‘५ ग्रॅम साल’ या नोंदीपेक्षा या अवशेषाची नोंद कितीतरी अधिक उपयोगी पडते.

मिश्रण, आटवणी आणि भाजणी

कोबाल्ट नायट्रेट हेक्साहायड्रेट ५.८२ ग्रॅम, म्हणजे ०.०२ मोल, ५० मिलिलिटर पाण्यात विरघळवावे. हातमोजे आणि मुखपट्टी घालूनच वजन करावे, कारण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने विद्राव्य कोबाल्ट क्षारांना माणसात बहुधा कर्करोगकारक असलेल्या पदार्थांच्या गटात ठेवले आहे. वनस्पतीचा अर्क वापरला म्हणून हा धोका कमी होत नाही. लालसर गुलाबी द्रावणात ५० मिलिलिटर अर्क थेंबाथेंबाने सोडावा आणि ७० ते ८० अंशांवर ढवळत राहावे. रंग गडद तपकिरी होतो, पाणी आटत जाते आणि दोन-अडीच तासांत मिश्रण काकवीसारखे चिकट होते. चुंबकीय कांडी अडखळू लागली की ती काढून घ्यावी आणि बीकर रात्रभर १०० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवावे.

येथून पुढची पायरी सर्वांत धोक्याची आहे. सुकलेल्या ढेकळात नायट्रेट हे ऑक्सिडीकारक आणि टॅनिन हे इंधन एकजीव झालेले असतात. माझ्या पहिल्या प्रयत्नात सगळे ढेकूळ एकाच लहान क्रुसिबलमध्ये, म्हणजे भट्टीत टिकणाऱ्या वाटीत, भरून भट्टी घाईने तापवली होती. मिश्रण फसफसून उतू गेले आणि भट्टीच्या तळाला काळा थर बसला. तेव्हापासून मी तीन पथ्ये पाळतो. ढेकूळ हलक्या हाताने फोडतो, खलात जोर लावून घासत नाही. क्रुसिबल एक तृतीयांशच भरतो आणि झाकण किंचित तिरके ठेवतो. तापमान मिनिटाला दोन अंशांनी वाढवून २५० अंशांवर अर्धा तास थांबतो आणि त्यानंतरच ४०० अंशांवर नेऊन तीन तास ठेवतो. नायट्रेटच्या विघटनातून नायट्रोजन डायऑक्साइडचा तांबूस, विषारी वायू निघतो, म्हणून भट्टीचा धूर बाहेर नेणारी व्यवस्था चालू असलीच पाहिजे. तापमान ४०० अंशांच्या फार वर नेऊन उपयोग नाही. कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, आणि ९०० अंशांच्या आसपास हवेतसुद्धा स्पिनेल मोडून कोबाल्ट मोनोऑक्साइड होते.

थंड झालेल्या काळ्या पुडीचे वजन करावे. सर्व कोबाल्टचे स्पिनेल झाले तर ०.०२ मोलपासून १.६० ग्रॅम मिळायला हवे. वजन त्यापेक्षा जास्त भरले तर आनंदून जाऊ नये, कारण त्यात न जळालेला कार्बन किंवा सालीची राख शिल्लक आहे. डाळिंबाच्या सालीत पोटॅशियम बरेच असते, म्हणून पूड ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून, गाळून, धुवणाचा सामू पाण्याइतका येईपर्यंत धुवावी आणि पुन्हा १०० अंशांवर वाळवावी.

तुलनेचे नमुने

त्याच भट्टीत, त्याच दिवशी आणखी तीन क्रुसिबल ठेवावीत. एकात नुसते कोबाल्ट नायट्रेट, दुसऱ्यात अर्काऐवजी सायट्रिक आम्ल घालून तयार केलेले ढेकूळ आणि तिसऱ्यात कोबाल्टविना नुसता आटवलेला अर्क. पहिल्या नमुन्यावरून अर्काने काही फरक पडला का ते कळते. दुसऱ्यावरून तो फरक डाळिंबाचा की कोणत्याही आयन धरणाऱ्या आम्लाचा, याचा निवाडा होतो. तिसरा नमुना राखेचा स्वतःचा प्रभाव सांगतो. सायट्रिक आम्लाचा नमुना डाळिंबाच्या नमुन्याइतकाच चांगला निघाला तर तसे लिहावे. टाकाऊ सालीने बाजारातल्या रसायनाची जागा घेतली, हा निष्कर्षही भक्कमच आहे.

पदार्थ खरोखर काय बनला

एक्स-रे विवर्तनात तांब्याच्या (तांब्यापासून निघणाऱ्या) क्ष-किरणांनी स्पिनेलची शिखरे १९.०, ३१.३, ३६.८, ४४.८, ५९.४ आणि ६५.२ अंशांच्या आसपास दिसायला हवीत, त्यांत ३६.८ चे सर्वांत उंच. तांब्याच्या किरणांनी कोबाल्ट स्वतःच प्रतिदीप्त होते, त्यामुळे आलेखाची पार्श्वभूमी फुगलेली येते आणि लहान शिखरे तीत बुडतात. मोनोक्रोमेटर (एकाच तरंगलांबीचे किरण निवडणारा भाग) असलेल्या यंत्रावर किंवा ऊर्जेनुसार किरण निवडणाऱ्या शोधकावर मोजणी घ्यावी, नाहीतर मोजणीचा काळ वाढवावा. शिखराच्या रुंदीवरून स्फटिकखंडाचा आकार काढणाऱ्या शेरर समीकरणासाठी ती रुंदी रेडियनमध्ये घ्यायची असते, हे विसरल्यामुळे झालेल्या चुका मी कितीतरी वेळा दुरुस्त केल्या आहेत. ३६.८ अंशांच्या शिखराची अर्ध्या उंचीवरील रुंदी ०.५ अंश असेल तर स्फटिकखंडाचा आकार सुमारे १७ नॅनोमीटर निघतो. हा स्फटिकखंडाचा आकार आहे, कणाचा नव्हे. कणासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाकडे जावे लागते. अवरक्त वर्णपटात ५७० आणि ६६० प्रति सेंटिमीटरजवळचे दोन ठळक पट्टे दिसले की स्पिनेलला दुजोरा मिळतो.

हायड्रोजन मोजण्याची मांडणी

दोन तोंडांचा १०० मिलिलिटरचा फ्लास्क पाण्याच्या स्थिर तापमानाच्या कुंडात बसवावा. एका तोंडाला रबरी बूच लावावे, दुसऱ्यातून नळी काढून पाण्याने भरून उपड्या ठेवलेल्या ५०० मिलिलिटरच्या मोजपात्रात सोडावी. फ्लास्कमध्ये २० मिलिग्रॅम उत्प्रेरक आणि सोडियम हायड्रॉक्साइडचे पातळ द्रावण ४५ मिलिलिटर घ्यावे. ०.१ ग्रॅम बोरोहायड्राइड त्याच हायड्रॉक्साइडच्या ५ मिलिलिटर द्रावणात विरघळवून सिरिंजने बुचातून आत सोडावे आणि घड्याळ चालू करावे. सिरिंजमधले ५ मिलिलिटर द्रव स्वतःही तितकीच हवा बाहेर ढकलते, म्हणून प्रत्येक वाचनातून ५ वजा करावेत. हायड्रॉक्साइडचे प्रमाण सर्व प्रयोगांत तेच असावे. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के या विस्तृत पल्ल्यात पेट घेतो, तेव्हा खोलीत ज्योत, ठिणगी किंवा उघड्या तारेची शेगडी नको आणि खिडक्या उघड्या हव्यात.

द्रावण ५० मिलिलिटर घेण्याला कारण आहे. ही अभिक्रिया मोलमागे २१० किलोज्यूलच्या आसपास उष्णता सोडते. ०.१ ग्रॅम बोरोहायड्राइड १० मिलिलिटर द्रावणात घेतले आणि उष्णता बाहेर गेली नाही, तर द्रावण सुमारे १३ अंशांनी तापेल आणि ‘२५ अंशांवरील वेग’ म्हणून आपण भलत्याच तापमानाचा वेग लिहू. ५० मिलिलिटरमध्ये हीच वाढ तीन अंशांच्या आत राहते. तापमापी कुंडात ठेवून समाधान मानू नये, ती फ्लास्कच्या आतच असावी.

आता वायूच्या आकारमानाचा हिशेब. ०.१ ग्रॅम शुद्ध बोरोहायड्राइडपासून १०.५७ मिलिमोल हायड्रोजन मिळतो. २५ अंशांना आणि एका वातावरण दाबाला त्याचे कोरडे आकारमान २५९ मिलिलिटर भरते. पण पाण्यावर गोळा केलेल्या वायूत बाष्प असते, म्हणून समुद्रसपाटीवर मुंबईत मोजपात्र सुमारे २६७ दाखवील. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात हवेचा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, तेथे हाच वायू २८५ मिलिलिटर भरेल. पुण्याच्या प्रयोगशाळेत २५९ हा आकडा ‘शंभर टक्के’ मानून बसलेल्या विद्यार्थ्याला एकशेदहा टक्के उत्पादन मिळते आणि मग तो गळती शोधण्याऐवजी चमत्कार शोधू लागतो. त्या दिवसाचा वायुदाब नोंदवावा आणि अंतिम वाचन घेताना मोजपात्रातील व बाहेरील पाण्याची पातळी एक करून घ्यावी.

वेग काढणे आणि त्यावर शंका घेणे

काळाविरुद्ध आकारमानाचा आलेख काढला की सुरुवातीला काही सेकंद, कधी दोन-तीन मिनिटे, वायू जवळजवळ येत नाही आणि नंतर रेषा सरळ चढते. या थांब्याला गळती समजू नये. बोरोहायड्राइड हे स्वतः प्रबळ क्षपणकारक असल्यामुळे ते ऑक्साइडच्या पृष्ठभागाचे क्षपण करून तेथे कोबाल्ट आणि बोरॉनचा काळा थर तयार करते. खरा उत्प्रेरक तोच असतो. आपण भट्टीतून काढले ते त्याचे पूर्वरूप. थांब्याचा काळ वेगळा नोंदवावा आणि वेग मात्र सरळ भागाच्या चढावरूनच काढावा. समजा सरळ भागात मिनिटाला ४० मिलिलिटर वायू आला. २० मिलिग्रॅम उत्प्रेरकासाठी तो वेग प्रतिग्रॅम मिनिटाला २००० मिलिलिटर होतो. मोजपात्रावरचे आकडे डोळ्यांनी वाचण्यापेक्षा बाहेर पडणारे पाणी वजनकाट्यावरील बीकरमध्ये घ्यावे आणि काट्याच्या पडद्याचे मोबाइलवर चित्रीकरण करावे, म्हणजे सेकंदासेकंदाची नोंद फुकटात मिळते.

मग ढवळण्याचा वेग दीडपट करून प्रयोग पुन्हा करावा. वायूचा वेगही वाढला तर आपण रासायनिक वेग मोजत नसून द्रावण पृष्ठभागापर्यंत पोहोचण्याचा वेग मोजत आहोत. तेव्हा उत्प्रेरक कमी करावा किंवा ढवळणे वाढवावे. ही तपासणी न करता काढलेल्या सक्रियण ऊर्जेला, म्हणजे अभिक्रिया घडण्यासाठी ओलांडाव्या लागणाऱ्या ऊर्जेच्या उंबरठ्याला, अर्थ नाही. तपासणी झाल्यावर २५, ३०, ३५, ४० आणि ४५ अंशांना प्रत्येकी तीनदा मोजणी करून वेगाचा नैसर्गिक लॉगरिदम आणि केल्विन तापमानाचा व्यस्तांक यांचा आलेख काढावा. त्याचा उतार वायुस्थिरांकाने गुणला की सक्रियण ऊर्जा मिळते. ती मोलमागे ४५ किलोज्यूल असेल तर २५ वरून ४५ अंशांपर्यंत वेग सुमारे तिप्पट झालेला दिसायला हवा. चौपट-पाचपट झाला तर एखादी मोजणी बिघडली आहे का ते आधी पाहावे.

पुनर्वापराची चाचणी कागदावर सोपी वाटते. प्रत्यक्षात वापरलेली काळी पूड चुंबकीय कांडीला केसाळ थरासारखी चिकटून बसते आणि ओतताना थोडी तरी निसटते. कांडीसह सगळे फ्लास्कमध्येच ठेवून, बाहेरून चुंबक लावून वरचे द्रव ओतून टाकावे, तीनदा पाण्याने धुवावे आणि तेथेच नवे द्रावण घालावे. धुण्यात कसूर झाली तर मेटाबोरेटचा थर पृष्ठभाग झाकतो आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी घटलेला वेग उत्प्रेरकाच्या माथी मारला जातो. निथळलेल्या, पूर्ण गाळलेल्या द्रावणात पुन्हा थोडे बोरोहायड्राइड घालून पाहावे. त्यातूनही उत्प्रेरकाविना होणाऱ्या मंद अभिक्रियेपेक्षा जोमाने वायू येऊ लागला तर कोबाल्ट द्रावणात उतरत आहे.

वापरलेली पूड कोरडी करून उघड्यावर ठेवू नये, कारण तिच्यावरचा कोबाल्ट आणि बोरॉनचा थर, म्हणजे बारीक कोबाल्ट बोराइड, हवेत आपोआप तापू शकते. ती पाण्याखाली ठेवून झाकणावर तारीख आणि नाव लिहावे. उरलेल्या बोरोहायड्राइडच्या द्रावणात एकदम आम्ल ओतणे म्हणजे फ्लास्कभर हायड्रोजन एका क्षणात सोडणे. ते धूरकक्षात पातळ करून, थंड ठेवून, पातळ आम्ल थेंबाथेंबाने घालत बुडबुडे थांबेपर्यंत संपवावे. कोबाल्ट असलेली सर्व धुवणे एकत्र करून त्यांचा सामू १० च्या आसपास न्यावा, खाली बसलेला हायड्रॉक्साइडचा गाळ गाळून वेगळ्या बाटलीत भरावा आणि ती बाटली घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्यावी. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे अशा कचऱ्याच्या विल्हेवाटीची केंद्रे आहेत. बेसिनमध्ये जाण्याजोगी या प्रयोगातली एकच गोष्ट म्हणजे सालीचा उरलेला काढा, तोही कोबाल्टच्या बीकरला न लागलेला असेल तरच.